स्वल्पविरामाला एवढं ओझं पेलत नाही

या खेपेच्या टपालात निम्म्याहून अधिक पत्रांचं दुखणं एकच निघालं. म्हणून बाकीच्यांची क्षमा मागून हे सदर सबंध त्यालाच दिलं आहे. दुखण्याचं नाव रन-ऑन सेंटेन्स. पस्तीस वर्षं मी दुसऱ्यांची इंग्रजी हस्तलिखितं तपासली. स्पेलिंगच्या चुका संगणकाने बऱ्याच कमी केल्या, पण हे दुखणं होतं तिथेच आहे. पत्रांतली इंग्रजी वाक्यं देवनागरीत दिली आहेत. विरामचिन्हं मात्र पत्रलेखकांची जशीच्या तशी ठेवली, कारण सगळा तंटा त्यांचाच आहे.

प्रश्न : ताई, मी पीएच.डी. करतो आहे. प्रबंधाचं पहिलं प्रकरण मार्गदर्शकांनी परत दिलं, ते समासात जागोजागी ‘आर. ओ.’ अशी अक्षरं घालून. विचारलं तर म्हणाले, ‘रन-ऑन आहेत. वाक्यं तोडा.’ मी लांबलचक वाक्यं हुडकून तोडली. दुसऱ्या खेपेला पुन्हा तीच अक्षरं, आणि या वेळी चक्क छोट्या वाक्यांवर! नमुना देतो : ‘द सॅम्पल वॉज स्मॉल, द रिझल्ट्स आर नॉट रिलायेबल.’ यात तोडण्यासारखं काय आहे?

उत्तर : तोडण्यासारखं काही नाही. जोडण्यासारखं आहे, आणि ते जोडलेलं नाही. तुमच्या मार्गदर्शकांनी रोग बरोबर ओळखला, पण ‘तोडा’ या एका शब्दाने तुम्हाला भलत्या वाटेला लावलं.

रन-ऑनचा आणि लांबीचा काहीही संबंध नाही, हे आधी मनातून काढून टाका. ‘आय कॉल्ड ही लेफ्ट’ हे चार शब्दांचं वाक्य रन-ऑन आहे. उलट ऐंशी-नव्वद शब्दांची निर्दोष वाक्यं माझ्या हाताखालून गेली आहेत. वाचताना दम लागला, पण पेन्सिल लावायला जागा सापडली नाही. दोष असतो तो सांध्यात. स्वतःचा कर्ता आणि स्वतःचं पूर्ण क्रियापद असलेली, एकटी उभी राहू शकणारी दोन वाक्यं शेजारी आली आणि त्यांच्यामध्ये काहीच घातलं नाही, तर ते फ्यूज्ड सेंटेन्स. नुसता स्वल्पविराम घातला, तर कॉमा स्प्लाइस. काही शिक्षक दोन्हींना रन-ऑन म्हणतात, काही फक्त पहिल्याला. तुमचे मार्गदर्शक पहिल्या पंथातले दिसतात. तुमचं वाक्य म्हणजे अस्सल कॉमा स्प्लाइस.

आता हे आपल्याकडून इतक्या सहज का होतं? माझं मत असं, की यात निष्काळजीपणा कमी आणि मराठी कान जास्त आहे. ‘नमुना लहान होता, निष्कर्ष भरवशाचे नाहीत’ हे मराठीत कुणाला खटकत नाही. ‘होता’ ऐकू आलं की कानाला कळतं, इथे एक गोष्ट संपली. आपलं क्रियापद शेवटी येऊन दार लावून घेतं. इंग्रजीत क्रियापद मधेच येऊन जातं. ‘स्मॉल’ या शब्दावर वाक्य संपलं की अजून काही यायचं आहे, हे त्या शब्दावरून कळायला मार्ग नाही. ते काम विरामचिन्हाला किंवा जोडशब्दाला करावं लागतं. स्वल्पविराम बिचारा याद्या वेगळ्या करण्यासाठी, मधलं एखादं पद बाजूला काढण्यासाठी असतो. दोन सबंध वाक्यांचा भार त्याच्या एकट्यावर टाकला की तो वाकतो.

दुसरं कारण आपल्या ‘ऊन’मध्ये आहे. ‘सकाळी उठून, फाइल उघडून, दोन ओळी लिहून ती परत मिटली.’ चार क्रिया, आणि पूर्ण क्रियापद एकच, ‘मिटली’. मराठीत हे एकच वाक्य आहे, अगदी केवलवाक्य. पण हाच माणूस इंग्रजी लिहायला बसला की प्रत्येक ‘ऊन’चं पूर्ण क्रियापद करतो आणि स्वल्पविराम मात्र मराठीतले तसेच ठेवतो : ‘आय वोक अप, आय ओपन्ड द फाइल, आय रोट टू लाइन्स, आय क्लोज्ड इट.’ एका वाक्याची चार झाली, आणि त्याला पत्ताच नाही.

तर आता तुमचं वाक्य. ते दुरुस्त करायच्या पाच वाटा मला दिसतात, आणि त्या एकमेकींच्या बदली चालत नाहीत. ‘द सॅम्पल वॉज स्मॉल. द रिझल्ट्स आर नॉट रिलायेबल.’ व्याकरण शुद्ध झालं, पण दोन सुटी विधानं समोर ठेवून तुम्ही बाजूला झालात. संबंध वाचकाने जोडायचा. ‘स्मॉल’नंतर स्वल्पविराम ठेवून पुढे ‘सो’ घातलंत, तर कारण आणि परिणाम सारख्याच वजनाने पुढे येतात. ‘बिकॉज द सॅम्पल वॉज स्मॉल, द रिझल्ट्स आर नॉट रिलायेबल.’ यात नमुन्याचा आकार गौण वाक्यात गेला, सगळा जोर निष्कर्षांवर आला. प्रबंधात बहुधा हेच हवं असतं. अर्धविराम घातला तर दोन्ही वाक्यं सुटीच राहतात, पण एकमेकांच्या खांद्याला खांदा लावून. कारण न सांगता सुचवलं जातं. आणि पाचवी वाट माझ्या विशेष आवडीची : ‘रिझल्ट्स फ्रॉम सच अ स्मॉल सॅम्पल आर नॉट रिलायेबल.’ सांधाच उरला नाही! एका वाक्याचं पद करून ते दुसऱ्यात विरघळवलं.

तुम्ही केलंत तेच मीही केलं होतं, म्हणून सांगते. मुद्रितशोधक म्हणून लागले तेव्हा पहिल्याच आठवड्यात एका तांत्रिक अहवालाचं पान माझ्याकडे आलं. अकरा कॉमा स्प्लाइस. मी अकराही स्वल्पविरामांचे पूर्णविराम केले, पुढची अकरा अक्षरं मोठी केली आणि पान रुबाबात पुढे पाठवलं. आमचे वरिष्ठ संपादक चष्मा कपाळावर सरकवून म्हणाले, ‘बाई, हा अहवाल आहे की तारेचा मजकूर?’ मग पेन्सिल माझ्या हातात देऊन त्यांनी प्रत्येक सांध्यापाशी एकच प्रश्न विचारला : ‘या दोघांचं नातं काय?’ कारण, विरोध, क्रम, की नुसतं स्पष्टीकरण? अकरापैकी तीन पूर्णविराम उरले.

प्रश्न : मॅडम, तुमच्या मागच्या एका लेखात वाचलं की क्रियापदं मोजावीत, दोन सापडली की सावध व्हावं. मी कार्यालयात पत्रव्यवहार बघते. मोजायला लागले आणि सगळीकडे दोन-दोन क्रियापदं सापडायला लागली. ‘आय नो ही इज राइट’ हे चूक आहे का? ‘द बुक आय बॉट इज टॉर्न’ हे? साहेबांनी तर ‘आय नो. ही इज राइट.’ असं बघून मला विचारलं की, हे काय?

उत्तर : साहेबांची माफी मागते, दोष माझा. क्रियापदं मोजा हा सल्ला अर्धाच होता. ‘आय नो ही इज राइट’ पूर्ण शुद्ध आहे. मधला ‘दॅट’ न बोलता गाळलेला आहे, एवढंच. ‘द बुक आय बॉट’मध्येही ‘दॅट’ किंवा ‘विच’ तसाच लपलेला आहे. आणि ‘शी ओपन्ड द फाइल अँड क्लोज्ड इट’मध्ये क्रियापदं दोन असली तरी कर्ता एकच, म्हणून वाक्यही एकच, तिथे ‘अँड’च्या आधी स्वल्पविरामही लागत नाही.

मोजण्यापेक्षा खात्रीची कसोटी देते. संशयित वाक्याचा हो-नाही उत्तराचा प्रश्न करून बघा. ‘द सर्व्हर वॉज डाउन, वी कुड नॉट सेंड द रिपोर्ट.’ याचा एकच प्रश्न होतो का? ‘वॉज द सर्व्हर डाउन?’ झाला, पण अहवाल बाहेरच राहिला. त्यासाठी दुसरा प्रश्न लागतो : ‘कुड वी सेंड द रिपोर्ट?’ दोन प्रश्न लागले, म्हणजे वाक्यं दोन. आता ‘आय नो ही इज राइट’ घ्या. ‘डू आय नो ही इज राइट?’ एकाच प्रश्नात सगळं मावलं. वाक्य एक, हात लावू नका. ‘बिकॉज द सर्व्हर वॉज डाउन, वी कुड नॉट सेंड द रिपोर्ट’ याचाही एकच प्रश्न होतो. आणि नुसतं ‘बिकॉज द सर्व्हर वॉज डाउन.’ असं लिहून पूर्णविराम दिलात, तर त्याचा हो-नाहीचा प्रश्न होतच नाही. तो तुकडा आहे, फ्रॅग्मेंट. रन-ऑनला घाबरून जागोजागी पूर्णविराम ठोकणारे हमखास या खड्ड्यात पडतात.

प्रश्न करणं जड वाटलं तर शेवटी ‘वॉजन्ट इट’, ‘डिडन्ट वी’ अशी शेपूट लावून बघा. सर्व्हरला वेगळी शेपूट लागते आणि ‘वी’ला वेगळी. दोन शेपट्या, दोन वाक्यं.

ही कसोटी एका जागी हात टेकते, आणि नेमकी ती जागा तुमच्या कामातली आहे. आज्ञा किंवा विनंती. ‘प्लीज फाइंड द रिपोर्ट अटॅच्ड, काइंडली कन्फर्म.’ इथे कर्ता दिसत नाही, ‘यू’ अध्याहृत आहे. म्हणून लिहिणाऱ्याला ही दोन वाक्यं आहेत असं वाटतच नाही. पण आहेत दोनच. ‘हरी अप, वी आर लेट’ तसंच. विनंतीची क्रियापदं मोजायची झाली तर प्रत्येकाआधी मनातल्या मनात ‘यू’ म्हणा. आणि तुमच्या पत्रातल्या त्या वाक्यासाठी माझी दुरुस्ती : ‘द रिपोर्ट इज अटॅच्ड. प्लीज कन्फर्म.’ इथे पूर्णविरामच शोभतो. एक माहिती आहे, एक मागणी. त्यांना गळ्यात गळे घालायला लावू नका.

प्रश्न : ‘हाउएव्हर’ हा शब्द उभयान्वयी अव्यय आहे ना? शब्दकोशात त्याचा अर्थ ‘तथापि, परंतु’ दिला आहे. मग ‘द फाइल ओपन्ड, हाउएव्हर द इमेजेस वेअर मिसिंग’ हे वाक्य का खोडलं गेलं? याच जागी ‘बट’ घातलं तर चालतं म्हणे. हा पक्षपात का?

उत्तर : पक्षपात आहे खरा, पण त्याला कारण आहे, आणि शब्दकोशातल्या बरोबरीच्या चिन्हाने तुम्हाला फसवलं आहे. अर्थ जुळला म्हणजे जात जुळली असं नाही.

‘बट’ आणि ‘हाउएव्हर’ यांच्यातला फरक बघायचा तर दोघांना जागेवरून हलवून बघा. ‘द फाइल ओपन्ड. द इमेजेस, हाउएव्हर, वेअर मिसिंग.’ हललं. ‘द इमेजेस वेअर मिसिंग, हाउएव्हर.’ अजून हललं. आता ‘द इमेजेस, बट, वेअर मिसिंग’ म्हणून बघा. हसू येईल. ‘बट’ सांध्यात रुतलेला असतो, म्हणून तो जोडू शकतो. ‘हाउएव्हर’ वाक्यात कुठेही फिरतो. फिरणाऱ्या माणसाच्या भरवशावर सांधा ठेवता येत नाही. तो क्रियाविशेषण आहे. आधी अर्धविराम किंवा पूर्णविराम, आणि तो वाक्याच्या सुरुवातीला आला तर त्याच्यानंतर स्वल्पविराम : ‘द फाइल ओपन्ड; हाउएव्हर, द इमेजेस वेअर मिसिंग.’

जोडण्याचा परवाना असलेले समान दर्जाचे शब्द इंग्रजीत सातच शिकवतात : फॉर, अँड, नॉर, बट, ऑर, येट, सो. पहिल्या अक्षरांवरून ‘फॅनबॉइज’ असा शब्द करून मुलं ते पाठ करतात. यांच्या आधी स्वल्पविराम चालतो. देअरफोर, मोरओव्हर, कॉन्सिक्वेन्टली, अदरवाइज, नेव्हरदलेस ही सगळी ‘हाउएव्हर’ची भावकी. त्यांतला सगळ्यात बेरकी म्हणजे ‘देन’. दिसायला ‘बट’एवढाच छोटा, मराठीत त्याचा ‘मग’ होतो, आणि ‘मग’ आपण कुठेही चिकटवतो. ‘शी चेक्ड द टेबल, देन शी सेंट इट’ हे वाक्य मी आयुष्यात किती वेळा दुरुस्त केलं असेल त्याची गणती नाही. ‘अँड देन’ केलं की काम होतं.

एक अपवाद मात्र सांगून ठेवते, नाहीतर पुढच्या महिन्यात तुमचंच पत्र येईल. ‘हाउएव्हर हार्ड आय ट्राय, द फाइल डझ नॉट ओपन’ इथे ‘हाउएव्हर’चा अर्थ ‘कितीही’. ते गौण वाक्य आहे आणि तिथला स्वल्पविराम अगदी बरोबर आहे.

प्रश्न : मी निवृत्त शिक्षक आहे. आम्ही मुलांना शिकवत आलो : जिथे थोडं थांबता तिथे स्वल्पविराम, जिथे जास्त थांबता तिथे पूर्णविराम. आता नातीचा इंग्रजीचा शिक्षक म्हणतो, हे चूक आहे. इतकी वर्षं आम्ही चूक शिकवलं?

उत्तर : गुरुजी, चूक नाही, जुनं शिकवलंत. एके काळी इंग्रजीतही हेच चालायचं. रॉबर्ट लोथ यांनी १७६२ साली इंग्रजी व्याकरणाचं जे पुस्तक काढलं, त्यात थांबण्याची चक्क मापं दिली आहेत : स्वल्पविरामाच्या दुप्पट अर्धविराम, त्याच्या दुप्पट अपूर्णविराम आणि त्याच्या दुप्पट पूर्णविराम. गाण्यातल्या मात्रा मोजाव्यात तसं. मजकूर मोठ्याने वाचून दाखवायचा असे, तेव्हा विरामचिन्हं वाचणाऱ्याच्या श्वासासाठी होती. पुढे मनात वाचणं रुळलं आणि चिन्हांकडे वाक्याची रचना दाखवण्याचं काम आलं. श्वासाचा नियम मात्र शाळांमधून मागे उरला.

मराठीत तर ही चिन्हं पाहुणी म्हणूनच आली. मोडीत ओळ अखंड पळायची, पोथ्यांमध्ये दंड असायचा. मेजर थॉमस कँडी यांनी १८५० मध्ये ‘विरामचिन्हांची परिभाषा’ लिहून इंग्रजी चिन्हं मराठीला समजावून दिली. दोन भाषांत चिन्हं तीच, पण वागणूक थोडी निराळी, आणि गोंधळ तिथेच होतो. मराठीत ‘तो आला, बसला, उठून गेला’ हे श्वासावर लिहिलं तरी निभावतं.

इंग्रजीत श्वास दगा देतो, तो दोन्ही बाजूंनी. माणूस दमला की लांब कर्त्यानंतर थांबतो आणि कर्ता व क्रियापद यांच्यामध्येच स्वल्पविराम घालतो, जिथे काहीच नको. आणि उत्साहात असला की दोन वाक्यं एका दमात म्हणतो, जिथे पूर्णविराम हवा. नातीला म्हणावं, वाचताना आजोबांच्या नियमाने थांब, लिहिताना प्रश्नाची कसोटी लाव. दोघांचाही मान राहील.

प्रश्न : मी इंग्रजीतून मराठीत आणि आता मराठीतून इंग्रजीत कथा अनुवादित करते. नियम ठाऊक आहेत. पण सीझरचं ‘आय केम, आय सॉ, आय कॉन्कर्ड’ काय मग? डिकन्सची १८५९ ची कादंबरी तर ‘इट वॉज द बेस्ट ऑफ टाइम्स’ म्हणत एकामागून एक स्वल्पविरामच लावत सुटते. त्यांना माफ आणि आम्हाला लाल शाई?

उत्तर : हे पत्र वाचून मजा आली. सीझरच्या मूळ लॅटिनमध्ये तर तीनच शब्द आहेत, वेनी, विदी, विकी. कर्ता क्रियापदाच्या पोटातच. इंग्रजीत आणताना तीन ‘आय’ बाहेर आले आणि व्याकरणाच्या दृष्टीने तीन वाक्यं झाली. तरी ते कुणी खोडत नाही. तुकडे अगदी छोटे, घडण एकसारखी, आणि क्रम इतका उघड की जोडशब्द घातला तर ठेच लागेल. डिकन्सच्या ओळीतही तीच घडण पुन्हा पुन्हा येते, म्हणून वाचणाऱ्याला सांधा शोधावा लागत नाही. लयच सांधा होते.

ही सवलत थोरांनाच आहे असं नाही, तुम्हालाही आहे. पण मी संपादक म्हणून एक बघते : लिहिणाऱ्याने हे ठरवून केलं आहे की झालं आहे? पानभर बाकीचे सांधे पक्के असतील आणि एका जागी असा स्वल्पविराम आला, तर मी पेन्सिल उचलत नाही. पानावर सहा असतील, तर मग सीझरचं नाव सांगून उपयोग नाही. शिवाय ‘यू नो हर, डोन्ट यू?’ किंवा ‘द मोर यू रीड, द मोर यू लर्न’ यांना स्प्लाइस समजू नका. त्या इंग्रजीच्या ठरलेल्या घडणी आहेत, ‘जितकं-तितकं’सारख्या.

तुमच्या अनुवादाच्या नमुना पानात मात्र मला दुसरीच गोष्ट सापडली, आणि ती तुमच्यासारख्या जाणत्यांकडूनच सुटते. संवाद. ‘“आय अ‍ॅम टायर्ड,” ही सेड, “आय वॉन्ट टू गो होम.”’ अवतरणचिन्हांच्या गर्दीत दिसत नाही, पण ‘ही सेड’ काढून बघा : ‘आय अ‍ॅम टायर्ड, आय वॉन्ट टू गो होम.’ आलं ना पितळ उघडं? ‘सेड’नंतर पूर्णविराम द्या, पुढचं अवतरण नव्या वाक्याने सुरू करा. एकच वाक्य मधे तोडलं असेल, ‘“इफ यू आर टायर्ड,” ही सेड, “गो होम,”’ तरच तिथे स्वल्पविराम.

आणि त्याच पानावर ‘ऊन’ची भाषांतरं ‘हॅविंग’ने केली आहेत, ती कल्पना चांगली आहे, सांधे कमी होतात. फक्त कर्ता सांभाळा. ‘हॅविंग ओपन्ड द लेटर, द सिग्नेचर वॉज मिसिंग.’ म्हणजे पत्र सहीने उघडलं! मराठीतही ‘पत्र उघडून सही गायब होती’ असं आपण म्हणत नाही. ‘पत्र उघडून बघितलं तर सही गायब’ म्हणतो, म्हणजे उघडणारा आणि बघणारा एकच राहतो. ‘पाऊस पडून चिखल झाला’ अशी सूट मराठी देते, इंग्रजी देत नाही.

प्रश्न : ताई, मी दहावीत आहे. ‘ऑल्दो इट वॉज रेनिंग, बट वी प्लेड’ यात दोन जोडशब्द आहेत, मग हे तर जास्तच पक्कं जोडलं गेलं ना?

उत्तर : तुझा तर्क मला आवडला, पण नाही. मराठीत ‘जरी’ आला की ‘तरी’ यावाच लागतो, ती जोडी आहे. इंग्रजीत एकच पुरतो. ‘ऑल्दो’ ठेव नाहीतर ‘बट’ ठेव. दोन्ही ठेवलेस तर दोन्ही वाक्यं गौण-प्रधान कोण यावरून भांडत बसतात. ‘बिकॉज’बरोबर ‘सो’ लिहितेस का तेही बघ; ‘कारण’ आणि ‘म्हणून’ दोन्ही घालायची आपली सवय तिथेही येते.

प्रश्न : संगणक रन-ऑनखाली रेघ मारतोच. मग हे सगळं शिकायचं कशाला?

उत्तर : मारतो, आणि चांगलं करतो, मीही ती रेघ बघते. पण तो सुचवतो ते बहुतेक वेळा अर्धविराम नाहीतर पूर्णविराम. कारण आहे की विरोध, हे तुमच्या मनात होतं. त्याला सांगितलंच नाहीत तर तो ‘बिकॉज’ घालणार की ‘ऑल्दो’? शिवाय अर्धविराम एकदा सापडला की माणसं त्याच्या प्रेमात पडतात. पंधराव्या शतकाच्या अखेरीस व्हेनिसमध्ये आल्डस मॅन्युशियसच्या छापखान्यात हे चिन्ह छापात आलं, तेव्हापासून त्याचे भक्त आणि शत्रू दोन्ही आहेत. मी भक्तांमधली आहे. तरीही एका परिच्छेदात दोनांवर गेले तर स्वतःलाच विचारते, की नातं सांगायचा आळस तर केला नाही ना?

प्रश्न : उपदेश पुरे, हे दुरुस्त करून द्या. रोज असंच लिहितो. ‘आय रिसीव्ह्ड युअर ईमेल, थँक यू फॉर द क्विक रिप्लाय, आय हॅव चेक्ड द फिगर्स देअर इज अ मिस्टेक इन द सेकंड टेबल, आय विल करेक्ट इट देन आय विल सेंड द फाइल अगेन.’

उत्तर : देते. सांधे पाच आहेत. तिघांत नुसता स्वल्पविराम, दोघांत तेवढंही नाही.

‘थँक यू फॉर द क्विक रिप्लाय. आय हॅव चेक्ड द फिगर्स अँड फाउंड अ मिस्टेक इन द सेकंड टेबल. वन्स आय करेक्ट इट, आय विल सेंड द फाइल अगेन.’

पहिलं वाक्य उडवलं, कारण उत्तराबद्दल आभार मानले म्हणजे ईमेल मिळालाच. ‘देअर इज’च्या जागी ‘फाउंड’ घेतल्यामुळे तपासणारे आणि चूक शोधणारे तुम्हीच राहिलात, म्हणून ‘अँड’आधी स्वल्पविराम नाही. ‘वन्स’मध्ये ‘दुरुस्ती झाली की लगेच’ असा अर्थ येतो. दुरुस्तीनंतर फाइल आणखी कुणाच्या टेबलावरून जायची असेल, तर तिथे ‘आफ्टर’ लिहा.